कोणाच्या दप्तरी ज्यू?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परदेशी जोडीदाराशी लग्न करणाऱ्या गोमंतकीय मुलामुलींवर आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला होता. लेख कळकळीने लिहिलेला आहे. पण त्यातल्या एका विधानामुळे हे पत्र लिहायला बसले. ज्यू मुलाशी लग्न करायचे तर वर्षभर शिकवणी करून रब्बीकडून, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूकडून, धर्मांतराचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते मिळाले की जगभरचे ज्यू त्या मुलीला आपली मानतात, असे लेखकाने म्हटले आहे. यातले शिकवणीचे बहुतेक वेळा खरे आहे. जगभरचे ज्यू मानतात, हे मात्र खरे नाही. तेच खरे धरून चालल्यामुळे आमच्या घरातल्या एका मुलीच्या वाट्याला काय आले, ते मी जवळून पाहिले आहे.

मी एकतीस वर्षे सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात नोकरी केली आणि यूडीसी (अप्पर डिव्हिजन क्लार्क) म्हणून निवृत्त झाले. आपल्याकडे लग्नाची पहिली सही होते, मग नोटीस लागते आणि ठरल्या मुदतीत दुसरी सही होते, हे वाचकांना माहीत आहेच. दुसरी सही झाल्याशिवाय लग्न पक्के नाही. तरीही पहिली सही म्हणजेच लग्न अशी समजूत करून घेतलेली किती माणसे माझ्या टेबलासमोर बसून रडली आहेत! कागद हातात असतो, त्यावर शिक्का असतो, आणि समोरचा सांगतो की या कामाला हा कागद चालत नाही. त्या माणसाचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. तो चेहरा मी माझ्या भाचीचाही पाहिला.

ही माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, कवळ्यात वाढलेली. फिजिओथेरपी शिकून नोकरीसाठी लंडनला गेली. तिथे तिची एका इस्रायली मुलाशी ओळख झाली. मुलाने तिला धर्म बदल असे कधीच म्हटले नाही, हे मी मुद्दाम नोंदवते, कारण गावात वेगळेच बोलले गेले. तिला स्वतःलाच ओढ लागली. दर आठवड्याला एक संध्याकाळ अशी दीड वर्ष ती शिकायला गेली. हिब्रू अक्षरे गिरवली, सणवार शिकली, शुक्रवारी सूर्यास्ताआधी मेणबत्त्या लावू लागली. तिने सुंगटां सोडली, तिसऱ्यो सोडल्या, कुर्ल्यो सोडल्या, कारण पंख आणि खवले दोन्ही असलेलेच मासे त्यांना चालतात. इसवण आणि बांगडा राहिला, मोरीची आंबोट-तीक गेली. गोव्याच्या मुलीने हे सोडणे म्हणजे काय, ते गोव्याच्या वाचकाला सांगायला नको. तिच्या रब्बींनी एवढी सक्ती केली नव्हती, तिचे तिनेच ठरवले होते.

शेवटी तीन रब्बींच्या मंडळापुढे तिची मुलाखत झाली. या मंडळाला बेथ दीन म्हणतात. मग मिकवे, म्हणजे पावसाच्या किंवा झऱ्याच्या पाण्याशी जोडलेले कुंड, त्यात तिने पूर्ण डुबकी घेतली. तिला नवे हिब्रू नाव मिळाले. धर्मांतरिताच्या आईबापांच्या जागी साऱ्यांचे मूळ आईबाप म्हणून सारा आणि अब्राहाम यांची नावे येतात. ते वाचून माझी बहीण दोन दिवस जेवली नाही. त्या चतुर्थीला भाची घरी आली, माटोळी बांधायला लागली, आरतीच्या वेळी मात्र मागे उभी राहिली. बहिणीने ते पाहिले आणि गिळले. एवढे सगळे दोन्ही बाजूंनी सोसून झाल्यावर, लग्न इस्रायलमध्ये आजेसासूच्या गावी करायचे म्हणून मुलाने तिथल्या विवाह नोंदणीच्या धार्मिक कार्यालयात चौकशी केली. उत्तर आले की ही मुलगी ज्यू नाही.

त्या रात्री तिचा फोन आला. आमच्या घरात कोकणीच बोलतात. ती एवढेच म्हणाली, "मावशे, हांव आतां कोण?"

आता यामागची व्यवस्था सांगते, कारण लेखात ती अजिबात आलेली नाही. ज्यू धर्मात पोपसारखा एक सर्वोच्च अधिकारी नाही. आज त्यांच्यात मुख्य प्रवाह तीन: ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह (ज्यांना इस्रायलमध्ये मसोर्ती म्हणतात) आणि रिफॉर्म. रिफॉर्म मंडळी साधारणपणे तिन्हीकडची धर्मांतरे मानतात. कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळी विधी पाहतात. बेथ दीन बसले होते का, डुबकी झाली का, पुरुषाची सुंता झाली का, आणि ती आधीच झालेली असेल तर रक्ताचा एक थेंब काढण्याचा विधी तरी झाला का, हे बघून रिफॉर्म रब्बीने केलेले धर्मांतरही ते स्वीकारू शकतात. ऑर्थोडॉक्स मात्र बाकी दोघांची धर्मांतरे मानत नाहीत. त्यांच्या मते देवाच्या सगळ्या आज्ञा पाळण्याचा स्वीकार हाच धर्मांतराचा गाभा आहे, आणि त्या आज्ञा जशाच्या तशा न मानणारे रब्बी तो स्वीकार करून घेण्याचे साक्षीदार होऊ शकत नाहीत. माझ्या भाचीचे बेथ दीन रिफॉर्म होते. तिला ते माहीत होते. पण या शब्दाला पुढे एवढी किंमत मोजावी लागेल, हे तिला कोणी बसवून सांगितले नव्हते.

इस्रायलमधली गाठ आणखी अवघड आहे. तिथे दोन खिडक्या आहेत. एक नागरिकत्वाची. 1950 च्या परतीच्या कायद्याने कोणाही ज्यूला त्या देशात येऊन राहण्याचा हक्क दिला. 1970 मध्ये त्यात व्याख्या घातली: ज्यू आईच्या पोटी जन्मलेला किंवा धर्मांतर केलेला, आणि दुसऱ्या धर्माचा नसलेला. धर्मांतर कोणाकडून केलेले, हे त्यात लिहिले नाही. धार्मिक पक्षांनी "शास्त्राप्रमाणे" हा शब्द घालून घेण्यासाठी पुढे अनेकदा जोर लावला, पण तो आत गेला नाही. दप्तरात काम केलेल्या माणसाला न लिहिलेल्या शब्दाची ताकद कळते. परदेशात झालेली रिफॉर्म आणि कॉन्झर्व्हेटिव्ह धर्मांतरे या खिडकीवर आधीपासून धरली जात होती. खुद्द इस्रायलमध्ये झालेलीही धरावीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1 मार्च 2021 रोजी दिला. ती याचिका 15 वर्षांहून अधिक काळ पडून होती.

दुसरी खिडकी लग्नाची. 1953 च्या कायद्याने ज्यूंचे लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयांकडे दिले आणि ती न्यायालये ऑर्थोडॉक्स आहेत. देशात नोंदणी पद्धतीने लग्न लावायची सोयच नाही. म्हणजे एकच मुलगी एका खिडकीवर ज्यू म्हणून नागरिक होऊ शकते आणि शेजारच्या खिडकीवर ज्यू नाही म्हणून परत पाठवली जाते. 2021 चा निकाल पहिल्या खिडकीपुरता आहे. तो आला तेव्हा आता सगळे सुटले असे बऱ्याच जणांनी समजून घेतले. दुसऱ्या खिडकीवर काहीही बदललेले नाही.

तिथले लोक मग विमानाने सायप्रसला जाऊन लग्न लावून येतात. परदेशात रीतसर झालेल्या लग्नाची नोंद तिथल्या सरकारला करून घ्यावी लागते, असे त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्येच ठरवले. आमच्या मुलांनी सायप्रसऐवजी फोंडा निवडले. मी ज्या कार्यालयात आयुष्य काढले, तिथेच 2019 च्या डिसेंबरात त्यांची दुसरी सही झाली. मुलाच्या कागदांच्या पूर्ततेला वेळ लागला, पण तू कोणत्या धर्माची आणि तुला त्या धर्मात कोणी घेतले, या प्रश्नावर त्यांचे लग्न अडले नाही. आपल्या गोव्याच्या या कायद्याची किंमत मला नोकरीत असताना कळली नव्हती इतकी त्या दिवशी कळली.

आता मुलाच्या आजीविषयी लिहायलाच हवे. त्या बेने इस्रायल या कोकणातल्या ज्यू समाजातल्या, अलिबागकडच्या. त्यांचे माहेरचे आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेले आहे, जसे रोहेकर, पेणकर, दिवेकर. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपल्याकडे शनिवार तेली म्हणत, तेच हे लोक. पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले, अशी त्यांची परंपरा सांगते. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराला, ते मशीद म्हणत. मुंबईतले त्यांचे पहिले सिनेगॉग 1796 चे, सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलेले. वल्हांडण या त्यांच्या सणाच्या रात्री वाचायची पोथी, हग्गादा, 1874 मध्ये पुण्यात मराठीत छापली गेली. बायबलमधल्या कथांवर त्यांनी मराठीत कीर्तने रचली. या आजी आज इस्रायलमधल्या डिमोनात राहतात आणि माझ्या बहिणीशी फोनवर मराठीत बोलतात. सोयरीक जमल्यावर बहिणीच्या मनातली भीती कमी झाली ती या मराठीमुळे.

भाचीला नकार आल्याचे त्यांना कळले, तेव्हा त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली. 1962 मध्ये त्यांचे लग्न ठरले होते. त्याच वर्षी इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाने सूचना काढली की बेने इस्रायलांपैकी कोणी बाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितकी मागची चौकशी करावी. कोकणात शतकानुशतके वेगळे राहिलेल्या या लोकांचे घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले असतील का, मध्ये परक्यांशी संबंध आला असेल का, अशी शंका होती. आजींचा नियोजित वर इराकी ज्यू घराण्यातला. लग्न अडले. "आमचेही कागद तपासले होते, बाय," त्या म्हणाल्या, "अलिबागला पत्रे पाठवून माझ्या आजीच्या लग्नाचे साक्षीदार शोधत होते. कोण जिवंत असणार?" 1964 च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेमला जाऊन ठाण मांडून बसले. ऑगस्टमध्ये संसदेने ठराव केला की हे लोक सर्व अर्थांनी ज्यू आहेत. पंतप्रधान लेव्ही एश्कोल त्यांच्या बाजूने उभे राहिले. तेव्हा कुठे त्या सूचनेतून या समाजाचे नाव काढले गेले. आजी त्या धरण्याला गेल्या होत्या. ज्यांनी सुमारे साठ वर्षांपूर्वी स्वतःचे ज्यूपण रस्त्यावर बसून मिळवले, त्यांच्याच नातसुनेला तेच उत्तर मिळाले. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता, असे बहीण म्हणाली.

ऑर्थोडॉक्स धर्मांतर केले की मग काळजी नाही, असेही कोणी समजू नये. 2008 मध्ये इस्रायलच्या उच्च रब्बी न्यायालयाने एका बाईचे 15 वर्षांपूर्वीचे धर्मांतर अमान्य ठरवले. ती आली होती घटस्फोटासाठी. धर्मांतर केले होते हैम द्रुकमन यांच्या बेथ दीनने, आणि हे द्रुकमन स्वतः ऑर्थोडॉक्स, वर सरकारच्याच धर्मांतर विभागाचे प्रमुख. त्या एका निकालाने हजारो संसार टांगणीला लागले. 2016 मध्ये न्यूयॉर्कचे नामांकित ऑर्थोडॉक्स रब्बी हॅस्केल लुकस्टीन यांनी धर्मांतर केलेल्या एका मुलीला इस्रायलमधल्या पेताह तिकवाच्या रब्बी न्यायालयाने नाकारले. ज्यांनी इव्हांका ट्रम्पचे धर्मांतर केले तेच हे रब्बी. ब्रुकलिनमधल्या सीरियन ज्यूंनी तर 1935 मध्ये ठराव करून लग्नासाठी कोणाचेच धर्मांतर मानायचे नाही असे ठरवले. आपल्या मिझोराम-मणिपूरमधले बेने मेनाशे स्वतःला इस्रायलच्या हरवलेल्या कुळाचे वंशज मानतात आणि 2005 मध्ये मुख्य रब्बी श्लोमो आमार यांनी ते मान्यही केले, तरी त्यांना ऑर्थोडॉक्स पद्धतीने रीतसर धर्मांतर करावेच लागते.

ऑर्थोडॉक्स रब्बींना दोष देऊन मला मोकळे व्हायचे नाही. ज्याला अधिकार नाही त्याची सही मी एकतीस वर्षांत एकदाही चालवून घेतली नाही, मग समोर कोणीही असो. आज्ञा पाळण्याचा निश्चय नसेल तर ती डुबकी नुसती आंघोळ आहे, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या श्रद्धेत बसून पाहिले तर मला समजते. मला पटत नाही ते वर्षांनंतर मागे जाऊन रद्द करणे. त्यांच्याच शास्त्राप्रमाणे धर्मांतर केलेला माणूस नव्याने जन्मलेल्या मुलासारखा असतो, आणि पुढे तो चुकला तरी तो चुकलेला ज्यू, परका नव्हे. परक्याला छळू नका, ही ताकीद तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात 36 ठिकाणी आहे असे तालमूद हा त्यांचा शास्त्रग्रंथ म्हणतो. बाराव्या शतकात ओबद्या नावाच्या एका धर्मांतरिताने थोर पंडित मैमोनिदीस यांना विचारले होते की प्रार्थनेत "आमच्या पूर्वजांचा देव" असे मी म्हणू शकतो का. मैमोनिदीसांनी कळवले, अवश्य म्हण, तुझ्यात आणि आमच्यात काहीच फरक नाही. हे पत्र भाचीला तिच्या शिकवणीत दिले होते. ते तिने फ्रिजवर चिकटवून ठेवले आहे.

धर्म बदललेल्या माणसावर संशय ठेवणे काय असते ते गोव्याच्या मातीला शिकवावे लागत नाही. पणजीतली गार्सिया द ओर्ता बाग आपण सगळ्यांनी पाहिली आहे. हा वैद्य ज्यू घराण्यातला, ख्रिस्ती केलेल्या आईबापांचा मुलगा. 1563 मध्ये त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यात छापला गेला. 1568 मध्ये तो वारला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून इथेच जाळले, आणि 1580 मध्ये त्याची हाडेही उकरून जाळली. आणि दुसरे उदाहरण अगदी आपले. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी हजारो ख्रिस्ती गावड्यांना शुद्धी करून हिंदू धर्मात परत घेतले. विधी झाले, नावे बदलली. पण ते लोक आजही "नवहिंदू गावडे" आहेत. सोयरीक करताना त्यांना किती काळ वेगळे धरले, हे तिसवाडीत ज्यांनी पाहिले त्यांना विचारा. जवळपास शंभर वर्षे झाली, "नव" काही सुटले नाही. म्हणून डिमोनाच्या त्या कार्यालयाकडे बोट दाखवताना माझा हात थोडा थांबतो.

एकत्र येण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. अमेरिकेत डेन्व्हर शहरात 1977 ते 1983 या काळात तिन्ही प्रवाहांच्या रब्बींनी मिळून धर्मांतराची एकच शिकवणी चालवली, आणि शेवटचा विधी परंपरेला धरून चालणाऱ्या रब्बींच्या हातात ठेवला, म्हणजे सगळ्यांना मान्य व्हावा. सुमारे 750 माणसे त्यातून गेली. 1983 मध्ये अमेरिकेतल्या रिफॉर्म रब्बींनी, बाप ज्यू असेल आणि मूल ज्यू म्हणून वाढवले असेल तर तेही ज्यू, असा ठराव केला. बाकी दोघे ज्यूपण आईकडूनच येते असे मानतात, म्हणून ती सोबत मोडली. मला हे वाचून फार वाईट वाटले. सहा वर्षे का होईना, जमले होते.

लेखकाला आणि विशेषतः ज्या घरात असे काही चालले आहे त्या आईबापांना माझी विनंती आहे. प्रमाणपत्र मिळेल का, हे विचारून थांबू नका. बेथ दीनवर कोण तीन जण बसणार, त्यांना कोण मानते, हे शिकवणी सुरू होण्याआधी लेखी घ्या. हा कागद कशासाठी हवा तेही आधी ठरवा. लंडनच्या एखाद्या रिफॉर्म सिनेगॉगमध्ये मनाजोगी प्रार्थना करायची असेल तर भाचीचा कागद पुरेसा आहे, त्यात तिळमात्र कमीपणा नाही. इस्रायलमध्ये लग्न करायचे असेल तर इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कार्यालयाला मान्य असलेलेच बेथ दीन लागते, आणि मान्यता आहे की नाही हे त्याच कार्यालयाकडून लेखी मागवून घ्यावे. मुलांचा विचार तर सर्वांत आधी करा, कारण त्या कार्यालयाच्या लेखी ज्यूपण आईकडून येते, आणि आईच्या कागदावरचा प्रश्न मुलाच्या कागदावर जसाच्या तसा उतरतो. लंडनमध्येच जेएफएस या ज्यू शाळेने एका मुलाला असाच प्रवेश नाकारला होता. त्याची आई इटलीची, आधी कॅथलिक, आणि तिचे धर्मांतर ऑर्थोडॉक्स नव्हते. 2009 च्या डिसेंबरात ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी तो थेट वांशिक भेदभाव ठरवला. तेव्हापासून तिथल्या ज्यू शाळा जन्माऐवजी धर्माचरण पाहतात, म्हणून माझ्या भाचीच्या मुलीला शाळेची अडचण येणार नाही. लग्नाची येईल.

भाचीने ऑर्थोडॉक्स बेथ दीनपुढे पुन्हा जावे का, यावर घरात अजून बोलणे चालू आहे. तिचे म्हणणे की पुन्हा गेले तर पहिली डुबकी खोटी होती असे मीच कबूल केल्यासारखे होईल. जावयाचे म्हणणे की मुलीसाठी जावे. बहीण, जी तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती, ती आता सरळ सांगते की माझ्या मुलीने एकदा मनापासून केले आहे, ते पुरे. मी दोन्ही बाजू ऐकते. माझा कल बहिणीकडे आहे.

हे पत्र छापताना माझे नाव देऊ नये, मुलीचे प्रकरण आहे. येत्या डिसेंबरात ती सगळी डिमोनाला जाणार आहेत. आजींनी पणतीसाठी एलियाहू हानबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाचा, मलिदा करायचा ठरवला आहे आणि त्यासाठी इथले पोहे मागवले आहेत. तिथे मिळणारे पोहे नारळात नीट मुरत नाहीत म्हणे. दोन किलो बांधून ठेवले आहेत.

आपली नम्र,
एक निवृत्त कर्मचारी, फोंडा